चौदा पंपांचा हिशोब

माझं काम हिशोबाचं. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर मी तीस वर्षांपासून मुनीम आहे. कुणाचे किती कट्टे आले, हमाली किती, तोलाई किती, उचल किती कापायची, हातात विक्रीच्या हिशोबाची पट्टी कितीची द्यायची, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण २०१८ च्या दिवाळीत नाकातोंडावर वाफेचा मास्क लावून मी दवाखान्याच्या पलंगावर बसलो होतो (आडवं होताच येत नव्हतं), तेव्हा छातीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दम्याचे निळे पंप वर्षाला किती संपतात तुमचे?" आणि मला आकडा सांगता आला नाही.

"लागेल तसा... घेतो..."

"काय करता तुम्ही?"

"मुनीम."

"मग हा हिशोब काढून आणा. चार दिवसांनी या तेव्हा मला आकडा पाहिजे."

हिशोब सापडायला अवघड नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे, तिथं माझं महिन्याचं खातं चालतं. घरी सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात बसून मी त्याच्या वहीतलं माझं पान काढलं. दिवाळी ते दिवाळी, चौदा पंप. एका पंपात दोनशे फवारे. चौदा गुणिले दोनशे, अठ्ठावीसशे. भागिले तीनशे पासष्ट. रोजचे साडेसातच्या वर. मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की दिवसाला दोन, फार तर तीन घेतो. पन्नास पैशांचा फरक शोधायला रात्री जागणारा मी, आणि माझ्याच खात्यात एवढी चूक.

दमा तसा माझा जुना सोबती. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला बाळदमा म्हणायचे आणि त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं, मोठा झाला की जाईल. तोवर काय करायचं, तर कोजागरीला रात्रभर जागून चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर खायची आणि मृग निघाला की हैदराबाद गाठायचं. नऊ वर्षांचा असताना माय मला एसटीनं घेऊन गेली. रांग एवढी की आमचा नंबर येईस्तोवर रात्र सरली. मरळीचं जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात पिवळ्या औषधाचा लगदा, आणि ते पिल्लू माझ्या घशात. औषधाची चव काही लक्षात नाही, ती वळवळ मात्र अजून आठवते. मग पंचेचाळीस दिवसांचं पथ्य. असं तीन वर्षं ओळीनं.

चौदा-पंधराव्या वर्षी माझा दमा खरंच ओसरला आणि श्रेय सगळं माशाला गेलं. पुष्कळ लेकरांचा दमा वयात येताना आपसूक कमी होतो आणि त्यातल्या काहींचा पुढं परत येतो, हे मला चाळीस वर्षांनी कळलं. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "आन् मासा खाल्ला नसता तर वयात आला असतास का?" ह्या हिशोबाला माझ्याकडं तोड नाही.

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९९४ ला, मी दुकानावर लागलो. तेव्हा मोंढ्यात ज्वारी, करडई, तूर यांचे दिवस होते. पुढं सोयाबीन आलं आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मोंढ्याचं रूपच पालटलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. पहाटेपासून ट्रॅक्टर आणि टेम्पो लागतात. कट्टे फोडून ढीग पडतात. ढिगाला चाळणी मारली की माती, वाळलेला पाला, शेंगांची फोलपटं आणि शेंगेवरची ती बारीक लव, असं सगळं हवेत उठतं आणि तिथंच तरंगतं. दुपारच्या उन्हात ती धूळ सोन्यासारखी चमकते. बाहेरगावचे पाहुणे तिचे फोटोसुद्धा काढतात. माझी बैठक दुकानाच्या ओट्यावर, चाळणीपासून दहा हातांवर.

दोन सीझन काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकला सुरू झाला. मग छातीत मांजराचं पिल्लू असल्यासारखी कुईकुई. मग जिना चढताना मधे थांबणं. मी ओळखलं होतं, पण नाव घेत नव्हतो.

मोंढ्यात दमेकरी माणसाचं काही खरं नसतं. हमालाला दमा आहे असं कळलं तर टोळीवाले त्याला टाळतात. मुनीम उचलत काही नाही, पण सौदा निघताना त्याला चार दुकानं फिरावं लागतं, शेतकऱ्याशी तासभर बोलावं लागतं. शिवाय तेव्हा ठाम समज होता, आजही आहे, की पंप ही शेवटची पायरी, एकदा लागला की सुटत नाही. म्हणून आधी गोळी. एक बारीक पांढरी गोळी यायची, घेतली की अर्ध्या तासात श्वास मोकळा, पण हात असे थरथरायचे की सहीसुद्धा बदलायची. नंतर कुणीतरी एका ठिकाणच्या पुड्या सांगितल्या. जडीबुटीच्या म्हणून मिळायच्या. काय गुण आला म्हणता! आठ दिवसांत दमा गायब, भूक दुप्पट, गाल वर आलेले. "मुनीमजी सुधरालेत," असं लोक म्हणायचे. सव्वा वर्षानं साखर वाढलेली निघाली आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. मॅडमनी ही गोष्ट ऐकली आणि त्यांना पुडीत काय असावं याची शंका राहिली नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांची पूड, मापाविना, रोजची.

त्यानंतर निळा पंप. तो मी गल्ल्यात पट्टीबुकांच्या खाली ठेवायचो. लागला की कट्ट्यांच्या थप्पीमागं जाऊन, भिंतीकडं तोंड करून दोनदा दाबायचो. आता हसू येतं, कारण अख्ख्या दुकानात सगळ्यात जास्त धूळ कुठं असेल तर त्या थप्पीमागं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मला ते नीट आठवतही नाही. त्या दिवशी माल बेसुमार आला होता. संध्याकाळी वहीपूजन झालं, मी नव्या वहीवर स्वस्तिक काढलं, धुपाचा धूर दुकानभर. बाहेर फटाक्यांच्या माळा लागल्या. मी पंप मारला, पुन्हा मारला, आणि पुन्हा. दहा मिनिटांचा आराम, मग पाच मिनिटांचा, मग काहीच नाही. मालकांनी काहीतरी विचारलं, मला उत्तर देता येईना. येत होतं, पण एकेक शब्दच सुटत होता. त्यांनी मला गाडीत घातलं. दवाखान्यात ऑक्सिजन, वाफेची औषधं, शिरेतून इंजेक्शन, आणि घरी जाताना पाच दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या, रोज चाळीस मिलिग्रॅम. बायको त्या रात्रीबद्दल अजून बोलत नाही.

चार दिवसांनी मी चौदाचा आकडा घेऊन गेलो. मॅडमनी तो ऐकला आणि पेन खाली ठेवलं.

"वर्षाला तीन पंप गेले तरी आम्ही सावध होतो. बारा म्हणजे जिवाला धोका. तुम्ही चौदा."

मग त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली. श्वासनळीभोवती स्नायूंचे पट्टे असतात, दम्यात ते आवळतात. निळा पंप ते ढिले करतो, म्हणून लगेच बरं वाटतं. पण मूळ दुखणं नळीच्या आत, अस्तराला आलेली सूज आणि चिकट कफ. निळा पंप सुजेला हातही लावत नाही. ती वाढत राहते, नळी जास्त चिडचिडी होते, पंप जास्त लागतो.

मी म्हणालो, "म्हणजे उचल."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, शेतकरी माल यायच्या आधी आमच्याकडून पैसे उचलतो. गरज भागते, पण खातं काही फिटत नाही. माल आला, पट्टी झाली, तरच फिटतं. मी वर्षभर नुसती उचल घेत होतो, माल एकदाही घातला नव्हता.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता माल घालायचा." पुढं मला कळलं की २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये असंच लिहिलेलं आहे.

माल घालायच्या आधी फुंकण्याची तपासणी झाली, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर सिस्टर मोंढ्यातल्या पुकाऱ्यासारखी ओरडणारी, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा, एक लिटर सातशे चाळीस मिलिलिटर. मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं बसवलं, पुन्हा फुंकायला लावलं. दोन लिटर एकशे साठ. फरक चारशे वीस मिलिलिटर, चोवीस टक्के. दोनशे मिलिलिटर आणि बारा टक्के यांच्या वर फरक गेला की नळी उघडू शकते, म्हणजे दम्याची खूण पक्की. आयुष्यभर दमा दमा म्हणत होतो, पण मोजला तो पहिल्यांदा. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या दोन आकड्यांनी जेवढा धीर दिला तेवढा कुणाच्या शब्दांनी दिला नव्हता.

मग सिस्टरनं मला माझा पंप घेऊन दाखवायला सांगितलं. मी ऐटीत घेतला. आठ वर्षांचा अनुभव होता.

तिनं चुका मोजल्या. पंप हलवला नाही. आधी श्वास सोडून छाती रिकामी केली नाही. दाबलं आधी, ओढलं नंतर. ओढलं तेही झटक्यानं, सौदा हुकतोय अशा घाईनं. आत धरून ठेवलं नाही. लगेच दुसरा फवारा. तिच्या मते माझं बरंचसं औषध जिभेवर आणि टाळूवर जात होतं. म्हणजे अठ्ठावीसशे फवाऱ्यांतले फुप्फुसात किती पोचले, तो हिशोब मी लावायच्या फंदात पडलो नाही.

तिनं पंपाला स्पेसर जोडला. हे एक पोकळ भांडं असतं, फवारा त्यात थांबतो आणि आपण सवडीनं ओढतो. पंप नीट हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट, एकदा दाबायचं, सावकाश खोल ओढायचं, मनात दहा मोजेपर्यंत धरायचं. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच वाळू द्यायचा, फडक्यानं पुसायचा नाही, पुसला की आत वीज धरते आणि औषध भिंतीला चिकटतं. सुरुवातीला मी पुसूनच ठेवत होतो, स्वच्छतेची सवय नडली.

नव्या पंपात दोन औषधं होती आणि त्यातलं एक स्टिरॉइड. हा शब्द ऐकताच बायकोनं पदर तोंडाला लावला. पुड्यांचं रामायण घरात ताजं होतं. मॅडमनी तेव्हा आकड्यातच समजावलं, आणि आकडा मला कळतो. त्या पाच दिवसांत मी रोज चाळीस मिलिग्रॅम पोटात घेतलं. ह्या पंपातून दिवसभरात जाणार आठशे मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि तेही बरंचसं जिथं पाहिजे तिथंच. जुन्या पांढऱ्या गोळीचाही असाच हिशोब. चार मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे शंभर मायक्रोग्रॅमचे चाळीस फवारे. हात थरथरणारच! मोंढ्यात अजूनही लोक सांगतात, गोळी साधी असते आणि पंप कडक. नेमकं उलटं आहे.

एक नियम त्यांनी तीनदा सांगितला, पंप घेतला की चूळ भरायची. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावातला मी माणूस, पाण्याचं काही सांगितलं की आधी मनात हंडे मोजतो. पण चूळ भरायला काही रेल्वे लागत नाही.

अंथरुणाचं मात्र खरंच कोडं होतं. गादी-उशीत अगदी बारीक किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे, त्यांची घाण दमा चाळवते. म्हणून चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा, असं छापील कागदावर लिहिलेलं. आमच्याकडं नळ कधी आठ दिवसांनी, कधी बारा दिवसांनी. मॅडमनाच म्हणालो, "हा कागद कोकणातल्या माणसासाठी लिहिलाय." त्या हसल्या. त्या किड्यांना दमट हवा लागते, म्हणाल्या, आणि तुमच्याकडं पाणी नसलं तरी ऊन आहे. तेव्हापासून दर रविवारी आमच्या वाकळी, गाद्या, उशा गच्चीवर कडक उन्हात पडतात. झटकायचं काम पोरगा करतो, मी तेव्हा खाली. चादरी दोन आठवड्यांनी. बायकोनं जुनी कापसाची उशी काढून टाकली, ती तिच्या माहेरची होती, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. दम्याच्या खर्चात तोही धरावा लागतो.

आता वहीबद्दल. मॅडमनी मला पीक फ्लो मीटर घ्यायला लावलं. प्लास्टिकची एक नळी, त्यावर काटा आणि आकडे. उभं राहून दीर्घ श्वास घ्यायचा, एका झटक्यात फुंकायचं, तीनदा, आणि तिन्हींतला मोठा आकडा लिहायचा. सकाळी पंपाच्या आधी आणि संध्याकाळी. मी दुकानातून एक लाल कापडी वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं. डावीकडं सकाळ, उजवीकडं संध्याकाळ, शेवटच्या रकान्यात शेरा. महिनाभरात माझा सगळ्यात चांगला आकडा कळला, चारशे वीस. त्याच्या ऐंशी टक्के तीनशे छत्तीस, त्याच्या वर असलो की हिरवं. अर्धा दोनशे दहा, त्याच्या खाली तांबडं, उठायचं आणि दवाखाना गाठायचा. मधलं पिवळं.

वहीनं मला अशा गोष्टी सांगितल्या ज्या अंगाला कळत नव्हत्या. सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा नेहमी कमी. सर्दी झाली की छातीत काही वाटायच्या दोन दिवस आधी काटा खाली. मोंढा बंद असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी वर. हे अपेक्षितच होतं. पण उन्हाळ्यात, जेव्हा मोंढ्यात माल नसतो, तेव्हाही काही सकाळी आकडा तीस-चाळीसनं पडलेला. शेऱ्याच्या रकान्यात मी बरंच काय काय लिहीत होतो, ते घेऊन पोरीनं एक दिवस बसून जुळवलं. ती म्हणाली, "पप्पा, लाईट गेलेल्या रात्री बघा." लाईट गेली की पंखा बंद, पंखा बंद की डास, आणि डास आले की उशाशी मच्छर कॉइल. मॅडमनी सांगितलं, एका कॉइलमधून पाऊणशे सिगारेटींच्या धुराएवढे बारीक कण निघतात, कधी त्याहून जास्त. जन्मात बिडी ओढली नाही म्हणून मिरवणारा मी, खिडक्या लावून रात्रभर हे ओढत होतो. कॉइल गेली, मच्छरदाणी आली.

दुकानातल्या धुळीचं काय करायचं हे सोपं नव्हतं. मॅडमनी एकदा स्पेनमधल्या बार्सिलोना शहराची गोष्ट सांगितली. तिथं १९८१ ते १९८७ च्या काळात मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे पेशंट अचानक झुंडीनं दवाखान्यात यायचे, काही जण दगावलेसुद्धा. कारण कळेना. शेवटी दिवसांची यादी आणि बंदराची वही शेजारी ठेवून पाहिलं, तर ज्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरत होतं त्याच दिवशी हे होत होतं. ज्या कोठारात ते साठवत त्याला वर धूळ अडवणारी गाळणी नव्हती. टरफलांची धूळ वाऱ्यावर शहरभर. गाळणी बसवली आणि ते प्रकार थांबले.

मी ही गोष्ट मालकांना सांगितली. "अख्खं शहर, मालक. आन् मी दहा हातांवर बसतो." मालक भला माणूस, पण त्यांना वाटलं मी काम सोडतोय. तसं नव्हतं. मला फक्त टेबल हलवायचं होतं. ओट्यावरून आतल्या खोलीत, दार चाळणीच्या विरुद्ध बाजूला उघडणाऱ्या. त्यांची अडचण ही की शेतकऱ्याला मुनीम समोर दिसला पाहिजे, आत बसलेल्या मुनीमावर विश्वास बसत नाही. ते चूक नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, सीझनचे दोन महिने मी आत, बाकी वर्ष ओट्यावर, आणि चाळणी दुकानासमोरून हलवून वाऱ्याच्या खालच्या अंगाला. धूपही आता दाराबाहेर फिरवतात. मी आधी तोंडाला उपरणं बांधायचो. त्यानं खडे अडतील, बारीक धूळ नाही. एन-९५ मास्क घेतला तेव्हा पहिल्या वर्षी हमाल हसले, "मुनीमजी, आपरेशन करालाव का?" मग कोरोना आला आणि सगळेच तोंड बांधून फिरायला लागले.

त्याच कोरोनात मी सगळ्यात मोठी चूक केली. २०२० चा एप्रिल-मे. मोंढा बंद-चालू, रस्त्यावर गाड्या नाहीत, हवा अशी की रात्री चांदण्या मोजाव्यात. वहीत चारशे दहा, चारशे वीस, चारशे दहा. मला वाटलं, फिटलं खातं. पंप बंद केला. कुणाला विचारलं नाही, दवाखान्यात जायची भीतीही होती. वही लिहायचं मात्र सोडलं नाही, सवयीनं. जून लागला, मृगाचा पाऊस पडला, मोंढा उघडला. तीनशे नव्वद. तीनशे सत्तर. तीनशे चाळीस. तीन आठवड्यांत तीनशे. त्या दिवसांत नुसतं खोकलं तरी लोक चार पावलं मागं सरायचे. एका रात्री दोनला उठून बसलो तेव्हा बायकोनं एक शब्द न बोलता वही आणि पंप पुढ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "खातं बंद करायचं असेल तर दोघांनी मिळून करू." नंतर त्यांनीच हळूहळू मात्रा उतरवली, सकाळ-संध्याकाळच्या दोन-दोन फवाऱ्यांवरून एकेकावर आणलं. माझ्या पंपातलं दुसरं औषध लगेच काम करणारं आहे, त्यामुळं अधूनमधून लागलंच तर तोच पंप. तो किती वेळा चालेल याची हद्दही त्यांनी लिहून दिलीय. हा माझा हिशोब झाला, दुसऱ्याचा वेगळा असू शकतो.

गल्ल्यात आता पट्टीबुकांच्या वर एक कागद चिकटवलेला आहे. पिवळ्यात काय करायचं, तांबड्यात काय. त्यात मालकांसाठी माझ्या अक्षरात एक ओळ आहे: 'मुनीमाला आजचा सोयाबीनचा भाव एका दमात सांगता आला नाही, तर गाडी काढावी.' मालकांनी ती पाठ केलीय आणि मी नुसता खोकलो तरी भाव विचारतात.

बीपीची गोळी सुरू करायची वेळ आली तेव्हा मी आधी दमा सांगितला. बीपीच्या काही गोळ्या दम्याला चालत नाहीत. पूर्वीचा मी हे लपवून बसलो असतो.

कोजागरीला आमच्याकडून हजारो लोक तुळजापूरला पायी जातात. २०२३ ला मीही निघालो. सगळी वाट नाही, उगीच फुशारकी कशाला, लातूर ते औसा, वीसेक किलोमीटर, पुढं जीपनं. निघताना पंप, औशात पंप, मधे नाही लागला. रात्री वाटेवर एका मंडपात दम्याच्या औषधाची खीर वाटत होते. मी खाल्ली. खीर चांगली होती.

परवाच्या दिवाळीची गोष्ट. आमच्या टोळीतला एक हमाल, पस्तिशीचा, पाठीवर कट्टा घेऊन पळणारा गडी, पट्ट्या करून झाल्यावर आत आला आणि दार ओढून घेतलं. कमरेच्या पिशवीतून निळा पंप काढला.

"मुनीमजी, तुम्ही ते तोंडात मारायलाव ना... मला बी हाय. पर ह्यानं काय व्हईना गेलंय."

"कुठं मारतोस?"

"थप्पीमागं."

मी त्याला वर्षाला किती संपतात ते विचारलं नाही. मेडिकलवाल्याचं नाव तेवढं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. त्याची तपासणी झाली, पंप बदलला. स्पेसरचे पैसे लगेच नव्हते, तर सिस्टरनं अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घेतली, बुडाला तारेनं पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप त्यात घट्ट बसवून कडेनं चिकटवला. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ही बाटली दम्याच्या लेकरांवर तपासून पाहिलीय, विकतच्या स्पेसरइतकीच चालली, असं ती म्हणाली.

पाडव्याला नव्या वह्यांचा मुहूर्त झाला. दुकानाच्या वह्या झाल्यावर मी माझी लाल वही उघडली, तर तो दारात उभा. मी मागचं एक कोरं पान काढून वर त्याचं नाव लिहिलं. मीटरचं तोंड धुऊन त्याच्या हातात दिलं. त्यानं सगळा जोर लावून फुंकलं, गळ्याच्या शिरा वर आल्या. तीनदा. दोनशे साठ.

"लिवा की," तो म्हणाला.

"हे धरायचं नाही. पंप मारून आलायस. उद्या सकाळी पंपाच्या आधी ये."